बोलोन्याचे वैद्य: पोथी, प्रेत आणि पंचनामा

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराची मध्ययुगातली ख्याती कायद्याची. तिथले विद्यापीठ १०८८ साली सुरू झाले असे परंपरा मानते. पुढची शे-दीडशे वर्षे आल्प्सच्या दोन्ही बाजूंचे तरुण तिथे येत ते रोमन कायदा शिकायला. वैद्यक तिथे उशिरा रुजले. दक्षिणेतले सालेर्नो वैद्यकात कितीतरी जुने, फ्रान्समधले माँपेल्ये आणि पॅरिस तोडीस तोड. तरीही विद्यार्थ्यांसमोर माणसाचे प्रेत उघडून शरीर शिकवण्याची प्रथा मध्ययुगीन युरोपात पहिल्यांदा पक्की बसली ती बोलोन्यात, १३०० च्या आगेमागे. हे तिथेच का घडले, याचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा शहराच्या कचेऱ्यांत अधिक सापडते. न्यायाधीश, नोटरी, करारपत्रे, नगरसभेचे नियम, विद्यार्थ्यांचे संघ या सगळ्यांनी तिथल्या वैद्याला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारली: तुझ्या म्हणण्याला पुरावा काय, आणि चुकलास तर जाब कोणाला देणार?

मध्ययुगीन युरोपचे वैद्यक म्हणजे अंधश्रद्धा, जळवा आणि चर्चची बंदी, असे चित्र आपल्याकडच्या शालेय पुस्तकांनी आणि सिनेमांनी रंगवून ठेवले आहे. ते चित्र फार अपुरे आहे. जळवा होत्या, ग्रहगणित होते, चुकीच्या समजुती तर पुष्कळच होत्या. पण त्याच शहरात परीक्षा होती, न्यायालयीन तपासणी होती आणि लेखी हमीही होती.

हमीपासूनच सुरुवात करू. त्या काळच्या इटालियन शहरांत रोगी आणि वैद्य यांचा व्यवहार पुष्कळदा नोटरीसमोर लेखी होई. जेनोआतला १२४४ सालचा एक करार टिकून राहिला आहे. बेर्गामोहून आलेला रोजेरिओ नावाचा वैद्य बोस्सो नावाच्या लोकर पिंजणाऱ्याला लिहून देतो की, देवाच्या कृपेने दीड महिन्याच्या आत तुझ्या हातात, पायात आणि तोंडात सुधारणा करून दाखवीन. तुला स्वतःच्या हाताने जेवता येईल, पाव कापता येईल, पायात जोडे घालून चालता येईल आणि आतापेक्षा पुष्कळ नीट बोलता येईल. औषधाचा खर्च वैद्याचा. बरे वाटले तर सात लिरे द्यायचे, नाही वाटले तर काहीच नाही. बोस्सोकडूनही पथ्य कबूल करून घेतले आहे: फळे, गोमांस, पास्ता आणि कोबी वर्ज्य. लक्षणे वाचून अर्धांगवायूची आठवण होते, पण करारात रोगाचे नावच नाही. बरे होणे म्हणजे काय, हे तिथे रोग्याच्या रोजच्या जगण्यावरून ठरले आहे. घास तोंडापर्यंत गेला, जोडे घालता आले, की वैद्याने शब्द पाळला.

बोलोन्यात १२६५ पासून मोठ्या रकमेचे खासगी करार नगरसभेच्या नोंदवह्यांत उतरवून घेतले जात. उपचाराच्या कराराची चाल या शहरात इतकी मुरली, की सोळाव्या-सतराव्या शतकातही गुण न आल्याची तक्रार घेऊन रोगी वैद्यांच्या मंडळापुढे उभे राहत. विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या वैद्यांना मात्र ही पद्धत खुपत असे. त्यांच्या मते विद्वानाचे मानधन त्याच्या विद्येचे आणि श्रमांचे, गुण येणे ईश्वराच्या हाती. बरे करण्याची हमी गावोगाव फिरणाऱ्या भोंदूने द्यावी, पदवीधराने नव्हे. विद्येला पैसे द्यायचे की परिणामाला, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

नगरसभा स्वतःही वैद्याशी करार करी. १२१४ मध्ये तिने लुक्का शहरातल्या उगो बोर्गोन्योनी या शल्यवैद्याला ६०० लिऱ्यांच्या करारावर बोलावून घेतले. शहरातल्या जखमींवर उपचार करणे आणि लढाईच्या वेळी सैन्यासोबत जाणे हे त्याचे काम. पाचव्या क्रुसेडच्या वेळी बोलोन्याच्या तुकडीबरोबर तो इजिप्तमधल्या दामिएत्तापर्यंत गेला. उगोने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची पद्धत आपल्यापर्यंत पोचली ती तेओदोरिकोमुळे. हा बहुधा त्याचाच मुलगा, डोमिनिकन पंथाचा संन्यासी, पुढे चेर्वियाचा बिशप. त्या काळी अनेक शल्यवैद्य जखमेत पू धरणे हे बरे होण्याचे लक्षण मानत आणि पू धरावा म्हणून लेपही लावत. तेओदोरिकोने निक्षून लिहिले की हे चूक आहे: जखम वाइनने धुवावी, आतली घाण काढावी, कडा जुळवून शिवाव्यात, कोरडी बांधावी. शस्त्रक्रियेआधी रोग्याला गुंगी आणण्यासाठी अफू, मँड्रेक, हेमलॉक अशा वनस्पतींच्या रसात भिजवून वाळवलेला स्पंज नाकाशी धरण्याची कृतीही त्याच्या ग्रंथात आहे. जंतूंची कल्पनाही नसताना, केवळ रणांगणावरच्या अनुभवातून हे आले. तरी त्याचे म्हणणे सर्वमान्य झाले नाही. फ्रान्समध्ये आंरी द माँदव्हीलने ते उचलून धरले, इतरांनी सोडून दिले, आणि पू धरवण्याची सवय युरोपात पुढेही शतकानुशतके टिकली.

त्याच सुमारास बोलोन्यात शिकवलेल्या गुल्येल्मो दा सालिचेतोने १२७५ च्या सुमारास आपला शल्यग्रंथ पुरा केला. त्याचा शिष्य लान्फ्रांको राजकीय भांडणात मिलानमधून हद्दपार झाला आणि १२९५ मध्ये पॅरिसला पोचला. तिथे त्याला दिसले ते त्याला पटले नाही. पॅरिसचे वैद्य शस्त्राला हात लावत नव्हते आणि शस्त्र हाती धरणाऱ्यांना लॅटिन येत नव्हते. आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने ठासून सांगितले की शस्त्रक्रिया न जाणणारा चांगला वैद्य होऊ शकत नाही, आणि वैद्यक न जाणणारा चांगला शल्यवैद्यही होऊ शकत नाही. या तक्रारीमागे इटलीतला अनुभव होता. बोलोन्यात शल्यशास्त्र विद्यापीठाच्या आत होते, त्याचे पाठ होत, त्यावर भाष्ये लिहिली जात. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती हेच दोन प्रकारचे लोक एकत्र उभे राहिले.

आता शिक्षणाकडे. विद्यार्थ्याच्या हातात पहिली पोथी पडे ती ‘आर्तिचेल्ला’, म्हणजे लहानमोठ्या ग्रंथांचा संग्रह. बगदादच्या हुनैन इब्न इस्हाकची प्रवेशिका, प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसची सूत्रे, त्याच परंपरेतल्या गॅलेनची ‘तेग्नी’, मूत्रपरीक्षेवर एक प्रकरण, नाडीवर एक. यातला पुष्कळसा मजकूर ग्रीकमधून अरबीत आणि अरबीतून लॅटिनमध्ये आला होता. हे काम आधी अकराव्या शतकात माँते कासिनोच्या मठात आफ्रिकी कॉन्स्टंटाइनने केले आणि मग बाराव्या शतकात तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्डने. जेरार्डच्या हातून लॅटिनमध्ये आलेला इब्न सिनाचा ‘कानून’ हा पाच खंडांचा महाग्रंथ बोलोन्याच्या अभ्यासक्रमाचा कणा ठरला. बोलोन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात या ‘कानून’ची पंधराव्या शतकातली एक हिब्रू हस्तलिखित प्रतही आहे, तिच्यातल्या रंगीत चित्रांत औषधाचे दुकान आणि रोगी तपासणारे वैद्य दिसतात.

हाच ग्रंथ भारतात युनानी हकिमांचाही आधार. त्यामुळे १५३४ मध्ये पोर्तुगालहून गोव्यात आलेला वैद्य गार्सिया द ऑर्ता जेव्हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे जाई, तेव्हा तिथल्या हकिमांशी बोलताना इब्न सिना दोन्हीकडच्यांना ठाऊक होता. ऑर्ताचे शिक्षण स्पेनमधल्या सालामान्का आणि अल्काला इथे झाले होते, बोलोन्यात नव्हे. पण बोलोन्यात जे वाचले जाई तेच तिथेही वाचले जाई. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधींवरच्या संवादग्रंथात तो इब्न सिनाचा आधार घेतो आणि त्याच्याशी वादही घालतो.

वर्गात पोथी कशी शिकवत? गुरू उतारा वाचे, त्याचे भाग पाडी, शब्दाशब्दाचा अर्थ लावी. मग शंका उभी राही. गॅलेन म्हणतो शरीराचा कारभार मेंदू, हृदय आणि यकृत यांच्यात वाटलेला आहे. अॅरिस्टॉटल म्हणतो हृदयच मुख्य. मग खरे काय? आधी पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त, हा क्रम आपल्या शास्त्रीपंडितांच्या वादसभेत बसलेल्या माणसाला अजिबात परका वाटला नसता. ही पद्धत वैद्यकात रुजवली ती ताद्देओ अल्देरोत्तीने. मूळचा फ्लॉरेन्सचा हा माणूस १२६० च्या दशकापासून बोलोन्यात शिकवू लागला आणि १२९५ मध्ये वारला. त्याच्या शिष्यांनी पुढची पन्नास वर्षे इटलीतले वैद्यक चालवले. नगरसभेने त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना कायद्याच्या प्राध्यापकांसारख्या सवलती दिल्या. वैद्यकाला प्रतिष्ठा मिळाल्याची ही पहिली ठळक खूण.

ताद्देओचे दुसरे मोठे काम म्हणजे ‘कोन्सिलिया’. एकेका रोग्याबद्दल लिहिलेले हे सल्ले: रोग कोणता, कारण काय, आहार कसा, औषध कोणते. कायद्याचे पंडित एखाद्या खटल्यावर लेखी अभिप्राय देत, त्यालाही याच नावाने ओळखत. वैद्याने हा प्रकार वकिलाकडून घेतला आणि त्यातून एका व्यक्तीच्या आजाराची लिखित हकिकत ठेवण्याची सवय युरोपला लागली. ताद्देओचे असे शंभराहून अधिक सल्ले उपलब्ध आहेत. वाइनपासून ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढण्याची रीतही त्यात येते, आणि तो मद्यार्क औषध म्हणून कशाकशावर चालतो याचे वर्णनही.

त्याच्या फीबद्दल फ्लॉरेन्सचा इतिहासकार फिलिप्पो व्हिल्लानी याने एक गोष्ट सांगून ठेवली आहे. पोपला तपासायला जाण्यासाठी ताद्देओने रोजच्या १०० सुवर्णमुद्रा मागितल्या आणि रोगी बरा झाल्यावर १०,००० घेऊन परतला म्हणे. आकडे कानोकानी फुगले असतील, पण वैद्य श्रीमंत होऊ शकतो हे लोकांना आता पटले होते. दान्तेला ते रुचले नाही. ‘दिव्य नाटका’च्या स्वर्गखंडात ऐहिक लाभासाठी विद्येमागे धावणाऱ्यांचे उदाहरण म्हणून तो ताद्देओचे नाव घेतो. दान्ते स्वतः फ्लॉरेन्समधल्या वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघाचा सभासद होता.

पोथी मिळवणे हाच मोठा खर्च होता. चर्मपत्रावर हाताने लिहिलेला ‘कानून’ गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यापलीकडचा. त्यावर शहराने तोड काढली. विद्यापीठाने मान्य केलेला ग्रंथविक्रेता तपासून घेतलेल्या मूळ प्रतीचे सुटे भाग ठरलेल्या दराने भाड्याने देई. विद्यार्थी एक भाग नेई, उतरवून घेई, परत करी, पुढचा नेई. एकाच पोथीवरून एकाच वेळी अनेक जण नकला करत. पाठ शुद्ध आहे की नाही याची जबाबदारी विक्रेत्यावर आणि चुकीचा पाठ दिला तर दंड. इथेही कायद्याचा हात दिसतो.

बोलोन्याचे विद्यार्थी स्वतःचा संघ काढून स्वतःचा प्रमुख निवडत. प्राध्यापकांवर वचक त्यांचा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा हक्क होता, पण वैद्यक आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी १२९५ मध्ये तसा प्रमुख निवडायचा म्हटल्यावर कायदेवाल्यांनी विरोध केला. शेवटी १३१६ मध्ये नगरसभेने त्यांच्या वेगळ्या संघाला मान्यता दिली. वैद्यक आणि कलाशाखा एकत्र असण्याला कारण होते. तर्कशास्त्र आणि निसर्गतत्त्वज्ञान शिकल्यावाचून वैद्यक शिकता येत नाही असे मानले जाई. १४०५ च्या नियमावलीत तर ज्योतिषाचा चार वर्षांचा क्रम आहे: अंकगणित, युक्लिड, ग्रहांची कोष्टके, टॉलेमी. रक्त कधी काढावे, जुलाब कधी द्यावा, तापाचा निर्णायक दिवस कोणता, हे चंद्राच्या स्थितीवरून ठरे, म्हणून वैद्याला पंचांग यायलाच हवे. मात्र त्यालाही मर्यादा होत्या. बोलोन्यात ज्योतिष शिकवणाऱ्या चेक्को द’आस्कोलीवर धर्मन्यायालयाने आधी बोलोन्यातच कारवाई केली आणि १३२७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये त्याला जिवंत जाळले.

साधारण चार-पाच वर्षे वैद्यक शिकल्यावर, अनुभवी वैद्याच्या हाताखाली रोगी पाहिल्यावर परीक्षा होई. वैद्यांचे मंडळ नेमून दिलेल्या उताऱ्यांवर उमेदवाराची बंद दाराआड परीक्षा घेई. मग कॅथीड्रलमध्ये जाहीर समारंभ होई. १२१९ मध्ये पोप होनोरियस तिसरा याने ठरवून दिले होते की बोलोन्यात आर्चडिकन या चर्चच्या अधिकाऱ्याच्या परवान्यावाचून कोणी गुरू होणार नाही. म्हणून पदवीवर मोहोर त्याची. नव्या पदवीधराच्या हाती ग्रंथ, बोटात अंगठी, डोक्यावर टोपी. हा सोहळा महागडा असे आणि अनेकांना परवडत नसे. पदवी न घेताच व्यवसाय करणारे शिकलेले वैद्य शहरात पुष्कळ होते.

हा वैद्य रोग्याकडे गेल्यावर करी काय? नाडी पाही, लघवी काचेच्या फुगीर कुपीत घेऊन उजेडासमोर धरी. रंग, दाटपणा, तळाशी बसलेला गाळ, पृष्ठभागावरचा फेस, सगळ्याला अर्थ होता. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे चार द्रव. त्यांचा तोल गेला की आजार. म्हणून उपचाराची सुरुवात आहारविहाराने: हवा, अन्नपाणी, झोप, व्यायाम, मलविसर्जन, मनाची स्थिती. औषध त्यानंतर. रक्त काढायचे किंवा तुंबडी लावायची झाली तर ते काम बहुधा न्हाव्याकडे जाई. औषधासाठी चिठ्ठी औषधविक्रेत्याकडे. त्याच्या दुकानात मलबारची मिरी आणि सुंठ असे, दालचिनी असे. हा माल अलेक्झांड्रिया आणि व्हेनिसमार्गे तिथे पोचे आणि फार महाग पडे. वैद्य आणि दुकानदार यांचे साटेलोटे होण्याची भीती इतकी खरी होती, की सम्राट फ्रेडरिक दुसरा याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या सिसिलीच्या राज्यात वैद्याला औषधाच्या दुकानात भागीदारी करायला कायद्याने मनाई केली. त्याच कायद्याने तीन वर्षे तर्कशास्त्र, पाच वर्षे वैद्यक आणि एक वर्ष अनुभवी वैद्याच्या हाताखाली, असा क्रमही बांधून दिला होता.

पण बोलोन्याचे वेगळेपण उघड होते ते न्यायालयात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या कायद्याने मारामारी आणि खुनाच्या प्रकरणांत वैद्यांची तपासणी आवश्यक केली. हे वैद्य चिठ्ठ्या टाकून निवडले जात, म्हणजे आरोपीला किंवा फिर्यादीला आपला माणूस घुसवता येऊ नये. किती जखमा, कुठे, त्यांतली जीवघेणी कोणती, हे त्यांनी शपथेवर सांगायचे. शिक्षा किती हे पुष्कळदा त्यावर ठरे.

फेब्रुवारी १३०२ मध्ये आत्सोलिनो नावाचा एक प्रतिष्ठित नागरिक अचानक मेला. विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली. न्यायाधीशाने दोन वैद्य आणि तीन शल्यवैद्य नेमले. त्यांत ताद्देओचा शिष्य बार्तोलोमेओ दा वारिन्याना होता. त्यांनी प्रेत उघडले आणि लिहून दिले की मृत्यू विषाने झालेला नाही. यकृताजवळच्या मोठ्या शिरेत आणि यकृताच्या शिरांत खूप रक्त साचल्यामुळे झाला आहे. याची खात्री आपण स्वतःच्या इंद्रियांनी आणि अवयव उघडून केली आहे, असेही त्यांनी नमूद केले. या अहवालातली ही नोंद फार मोलाची आहे. ज्यांनी आयुष्यभर गॅलेनच्या वचनावर वाद घातला, ते कोर्टापुढे मात्र डोळ्यांनी पाहिलेले पुढे करतात. यापूर्वी १२८६ मध्ये साथीच्या वेळी क्रेमोनात एका वैद्याने मेलेल्या कोंबड्या उघडून पाहिल्या, त्यांच्या हृदयाच्या टोकाशी गाठ आढळली, मग साथीत मेलेला एक माणूस उघडला तर तेच दिसले, असे सालिम्बेने या संन्याशाने लिहून ठेवले आहे. कारण शोधण्यासाठी प्रेत उघडणे लोकांच्या परिचयाचे होत चालले होते. शिकवण्यासाठी उघडणे ही पुढची पायरी.

ती पायरी ज्याच्या नावावर जमा आहे तो मोन्दिनो दे लिउत्सी औषधविक्रेत्यांच्या घरातला. १३१६ मध्ये त्याने ‘अनातोमिया’ लिहिली. हे छोटेखानी पुस्तक म्हणजे प्रेतासमोर उभे राहून कसे कापत जायचे याचे मार्गदर्शन. आधी पोट, कारण ते सर्वांत लवकर कुजते. मग छाती, मग डोके, शेवटी हातपाय. चार दिवसांचे काम, तेही थंडीत. १३१५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये पाहिलेल्या दोन स्त्रियांच्या देहांची तुलना करून एकीचे गर्भाशय दुसरीपेक्षा मोठे का होते याची कारणे तो देतो. आणि तोच मोन्दिनो गर्भाशयात सात कप्पे असतात असेही लिहितो, हृदयात तिसरा कप्पा दाखवतो. हे त्याने पाहिलेले नव्हते, वाचलेले होते. त्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे ठरेल. कुजत जाणाऱ्या, रक्ताने माखलेल्या देहात काय पाहायचे हे आधी कोणीतरी सांगावे लागते, आणि त्याला सांगणारी पोथी होती. पोथी खोडून काढायला लागणारी प्रेतांची संख्या त्याच्या हाती कधी आलीच नाही.

चर्चने शवविच्छेदनावर बंदी घातली होती, ही समजूत अजून छापून येते. १२९९ मध्ये पोप बोनिफेस आठवा याने काढलेला आदेश वेगळ्याच गोष्टीबद्दल होता. दूरदेशी मेलेल्या सरदारांची प्रेते उकळून हाडे मायदेशी नेण्याची जी चाल पडली होती, ती त्याने बंद केली. त्याची सावली मोन्दिनोवर पडलेली दिसते. कवटीच्या तळाची काही हाडे उकळल्यावाचून नीट दिसत नाहीत, पण त्यात पाप असल्याने आपण ते टाळतो, असे तो सांगतो. उरलेले शरीर मात्र बोलोन्यात विद्यापीठाच्या देखत, चर्चच्या डोळ्यांदेखत उघडले जात होते.

अडचण होती ती प्रेत मिळण्याची. १३१९ मध्ये चार विद्यार्थ्यांवर खटला झाला. फाशी दिलेल्या पासिनो नावाच्या माणसाचे प्रेत त्यांनी सान बार्नाबा चर्चच्या स्मशानातून रात्री उकरून काढले आणि आल्बेर्तो दे त्सांकारी शिकवत असे त्या घरी नेले, असा आरोप. हे शिकायच्या ओढीने झाले खरे, पण त्या मेलेल्या माणसाला आणि त्याच्या आप्तांना कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे. पुढच्या नियमांनी ही ओढ आवरण्याचा प्रयत्न केला. १४०५ च्या नियमावलीप्रमाणे संघप्रमुखाच्या परवानगीवाचून विच्छेदन नाही. पुरुषाच्या विच्छेदनाला फार तर २० विद्यार्थी, स्त्रीच्या विच्छेदनाला ३०, आणि खर्च त्यांनी वाटून घ्यायचा. स्त्रीचे प्रेत दुर्मीळ, म्हणून तिथे जास्त जणांना मुभा. १४४२ च्या नियमांनी दर वर्षी दोन प्रेते, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे, देण्याची जबाबदारी शहराच्या अधिकाऱ्यांवर टाकली. अट अशी की तो माणूस बोलोन्यापासून निदान ३० मैल दूरचा असावा. शहरातल्या कुणाच्या नातेवाइकावर ही पाळी येऊ नये म्हणून गावाबाहेरच्या, गरीब, फाशी गेलेल्या माणसाच्या देहावर युरोपचे शरीरशास्त्र उभे राहिले. ही गोष्ट त्या शास्त्राच्या गौरवाबरोबरच सांगायला हवी.

या सगळ्या नियमांच्या बाहेर कितीतरी जण राहिले. विद्यापीठाचा दरवाजा स्त्रियांना बंद. पॅरिसमध्ये १३२२ साली जाकोबा फेलिसी हिच्यावर परवान्यावाचून वैद्यकी केल्याचा खटला चालला. ती नाडी पाहते, लघवी तपासते, रोग्याचे अंग चाचपते आणि बरे वाटल्यावरच पैसे घेते, असे साक्षीदारांनी सांगितले. इतर वैद्यांनी हात टेकल्यावर हिनेच आपल्याला बरे केले, असेही काहींनी सांगितले. काही स्त्रिया आपले दुखणे पुरुषाला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतील, हा युक्तिवादही मांडला गेला. तरी निकाल तिच्याविरुद्ध लागला. दक्षिणेत नेपल्सच्या राज्यात मात्र त्याच सुमारास, १३२१ मध्ये, सालेर्नोच्या फ्रांचेस्का नावाच्या स्त्रीला शस्त्रक्रियेचा परवाना मिळाला होता.

गरिबांसाठी बोलोन्यात धर्मसंघांची रुग्णालये होती. सांता मारिया देल्ला वीता हे तेराव्या शतकातले. १३३६ मध्ये सांता मारिया देल्ला मोर्ते उभे राहिले. त्याचे सभासद फाशीच्या कैद्याबरोबर शेवटची रात्र काढत आणि त्याला धीर देत. तिथे अंथरूण, जेवण आणि प्रार्थना मिळे. विद्यापीठाचा मोठा वैद्य क्वचितच.

१३४८ च्या प्लेगने सगळ्यांनाच सारखे गाठले. बोलोन्यातला प्रसिद्ध धर्मकायदेपंडित जोव्हान्नी द’आंद्रेआ त्यात गेला. पॅरिसच्या वैद्यकशाखेने राजाला लेखी अभिप्राय दिला की मार्च १३४५ मध्ये कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाल्याने हवा बिघडली आहे. बोलोन्यात निकोलो बेर्तूच्चोपाशी विच्छेदन शिकलेला गी द शोलियाक तेव्हा आव्हिन्यों इथे पोपचा वैद्य होता. या साथीत वैद्यांचा काही उपयोग झाला नाही, संसर्गाच्या भीतीने ते रोग्यांकडे जायला धजत नव्हते आणि ही त्यांना लाज आणणारी गोष्ट होती, असे त्याने स्पष्ट लिहिले. शेवटी त्यालाही जांघेत गाठ आली. जवळजवळ सहा आठवडे तो अंथरुणावर होता आणि वाचला. १३६३ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या शल्यग्रंथात बेर्तूच्चो प्रेत टेबलावर ठेवून चार पाठांत शरीर कसे दाखवी, हे त्याने कृतज्ञतेने नोंदवले. शरीर न जाणता कापणारा शल्यवैद्य म्हणजे आंधळ्याने लाकूड तासणे, असे तो म्हणे.

मोन्दिनोचे पुस्तक १४७८ मध्ये छापून आले आणि त्याचा प्रसार आणखी वाढला. १५२१ मध्ये बोलोन्याचाच शल्यशास्त्राचा प्राध्यापक बेरेंगारिओ दा कार्पी याने त्यावर जाडजूड भाष्य छापले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्भुत जाळे असते असे गॅलेन सांगतो. ते माणसात आपल्याला सापडले नाही, असे बेरेंगारिओने त्या भाष्यात लिहिले. म्हणजे जुनी पोथी खोडली जात होती ती तिच्याच समासात.

जानेवारी १५४० मध्ये सान फ्रांचेस्को चर्चमध्ये पंचविशीतला आंद्रेआस वेसालियस विच्छेदन करायला आला तेव्हा म्हातारा प्राध्यापक मात्तेओ कोर्ती मोन्दिनोवरच व्याख्याने देत होता. बाल्डासार हेसलर या जर्मन विद्यार्थ्याने दोघांचेही पाठ उतरवून घेतले. आधी कोर्ती पोथी समजावी, मग वेसालियस प्रेतावर दाखवी. रक्त कुठल्या शिरेतून काढावे यावरून दोघांत खडाजंगी झाली. कोर्ती गॅलेनची वचने पुढे करी, वेसालियस समोर पडलेल्या देहातली शीर दाखवून तुम्हीच पाहा म्हणे, आणि विद्यार्थी टेबलाभोवती गर्दी करत. तीन वर्षांनी वेसालियसने मानवी शरीराच्या रचनेवरचा आपला सात भागांचा ग्रंथ बाझेलमध्ये छापला. कोर्तीची मोन्दिनोवरची व्याख्याने त्यानंतरही, १५५० मध्ये, पाव्हियात छापली गेली.